राजा घराक पोचलो काय?

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. देवळाचं छप्पर गळलं ही माझी चूक नव्हती, आणि सत्यवानाने मुंबईहून पुस्तक आणताना त्याचं पहिलं पान आहे की नाही ते बघितलं नाही, ही तर मुळीच नव्हती. पण आमच्या वाडीत काही बिघडलं की आधी विचारतात, मास्तराने काय केलं? एकोणिसशे एकोणसाठ साली नारळी पौर्णिमा तोंडावर आली, मालवणच्या आसपासची सगळी बंदरं होड्यांना रंग लावत होती, आणि आमच्या वाडीची एकही होडी पाण्यात उतरायला तयार नव्हती. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे तेव्हाच ठरलं होतं.

त्याचं असं झालं. पावसात दर्या बंद असतो. होड्या माडाच्या झापांखाली असतात, माणसं रिकामी असतात. म्हणून आषाढी अवसेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे पोथी लावतात. दुपारी तीन ते दिवेलागण सगळी वाडी देवळाच्या मांडावर, म्हणजे पुढच्या मंडपात, बसते, बापये फाटकी जाळी सांधतात, बायका नवी विणतात, आणि एकजण वाचतो. तो एकजण म्हणजे मी. शाळामास्तर, वाडीतला पहिला मॅट्रिक, आवाज खणखणीत. पंधरा वर्षं तीच पोथी वाचत होतो. त्या वर्षी छप्पर गळलं आणि पोथीचा लगदा झाला. उन्हात वाळत घातली तर पापडासारखी कडक होऊन पानं फुटायला लागली.

अवस दोन दिवसांवर. बाबली गावकर, म्हणजे वाडीचा मानकरी, ज्याच्या शब्दाशिवाय देवळात घंटासुद्धा वाजत नाही, तो घरी आला आणि म्हणाला, दुसरी कुठली पोथी असली तर काढ. आणि इथे माझी मती फिरली. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे, दर्याचीच आहे.

ती होती ग्रीक लोकांची. तीन हजार वर्षांपूर्वीचं त्यांचं महाकाव्य. एक राजा लढाई संपवून गलबतं घेऊन घरी निघतो आणि चार दिवसांच्या वाटेला त्याला दहा वर्षं लागतात, अशी ती गोष्ट. माझा चुलतभाऊ सत्यवान मुंबईला गोदीत कारकून, त्याने ते इंग्रजी पुस्तक फुटपाथवर घेतलं होतं. वर पुठ्ठा नव्हता, पहिलं पान नव्हतं. चार वर्षं शाळा सुटल्यावर मी त्याचं मराठी करत होतो. नावं तोंडात मावेनात म्हणून राजा, राणी, त्यांचा झील म्हणजे मुलगा, राक्षस एवढंच ठेवलं होतं. माझा एक नियम होता की पुढचं पान उलटून बघायचं नाही. रोज जेवढं होईल तेवढं, आणि उद्याचं उद्या. हा नियम मला तेव्हा फार थोर वाटत होता. शेवटची वीसेक पानं राहिली होती, ती म्हटलं सकाळी सकाळी करून दुपारी वाचू.

खरं सांगू? मला ती वाडीला ऐकवायची नव्हती. मला ती एका माणसाला ऐकवायची होती. माझ्या बापाला.

दाजी तांडेल म्हटलं की कारवारपासून मुंबईपर्यंत जुने खलाशी अजून ओळखतात. तांडेल होऊन कालिकतपर्यंत गलबत नेलेला माणूस. मी पाच वर्षांचा असताना त्यांचं गलबत वादळात हरवलं, वाडीने त्यांचं तेरावंसुद्धा घातलं, आणि चौदा महिन्यांनी दाजी आणि तिघं खलाशी जिवंत परत आले. त्या चौदा महिन्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो, ज्याला बोट लागते. चौदाव्या वर्षी काकाने मला गुपचूप होडीत घालून वेंगुर्ल्याला नेलं. जाताना ओकलो, येताना ओकलो, आणि परतलो तेव्हा दाजी किनाऱ्यावर उभे होते. सगळ्यांच्या देखत ते असे गरजले की माडांवरचे कावळे उडाले. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की या माणसाला माझी लाज वाटते. नंतर त्यांनी मला कधी होडीत बोलावलं नाही. आणि नावाने तर कधीच हाक मारली नाही. मी सातवीत होतो तेव्हापासून त्यांचा 'मास्तर' होतो. तेसुद्धा तोंडावर क्वचित. एरवी बोलायचं ते दुसऱ्याला सांगायचं, त्या मास्तराक जेवूक सांगा, त्या मास्तराक म्हणा छत्री घे. माझी बायको नर्मदा लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटत होतं की घरात आणखी कुणी मास्तर राहतो.

तर मला दाखवायचं होतं, की बघा, पाय होडीत ठेवता येत नसेल, पण दर्या मलाही ठाऊक आहे.

अवसेला बाबलीने माझी वही पाटावर ठेवली, हळद-पिंजर वाहिली, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, ही दर्याची पोथी लावली हा, ती समाप्तीक ने. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं, मीही म्हटलं. आणि त्या क्षणी तो ग्रीक राजा आमच्या वाडीच्या गळ्यात पडला. कारण आमच्यात एकदा पोथीला गाऱ्हाणं घातलं की ती समाप्त होईपर्यंत वाडी शिवराक, मासळीचा वास नाही, आणि एक दोरासुद्धा पाण्याला लागत नाही. पोथी अर्धी ठेवून दर्यात गेलेला माणूस अर्ध्या वाटेतच राहतो, असं मानतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेलं वेळेवर आठवायला हवं ना.

आणखी एक रीत आहे. वाचन झाल्यावर कुणी मुकाट उठायचं नाही. प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. मी तर मुद्दाम एक कोरी वही आणली होती, अभिप्राय लिहून घ्यायला. पुढेमागे माझं पुस्तक छापलं की शेवटी रसिकांचे अभिप्राय म्हणून घालावेत. मला वाटलं होतं, 'भाषा रसाळ आहे' असं काही तरी मिळेल.

पहिल्या दिवशी राणीचं आलं. राजा नाही म्हणून शंभर मागणेकरी तिच्या घरात तळ ठोकून बसलेत, रोज बकरे कापून खातायत. ती सांगते, हातातलं वस्त्र विणून झालं की लग्न करीन, आणि दिवसा विणलेलं रात्री उसवते. अशी तीन वर्षं फसवते. माझी मथुराकाकी, साठ वर्षं जाळं विणणारी बाई, ती हसत सुटली. म्हणाली, उसवलेल्या सुताला वळ्या राहतात, पहिल्याच दिवशी कुणालाही दिसतं. ते शंभर जण फसले नव्हते, त्यांना जेवण मिळत होतं म्हणून गप्प होते. मी म्हटलं, काकी, हे महाकाव्य आहे. ती म्हणाली, असेल, पण सूत ते सूत.

बाबलीला वेगळीच चिंता. कूळकायदा येऊन दोनच वर्षं झाली होती, अख्ख्या कोकणात दुसरा विषय नव्हता. तो म्हणाला, शंभर जण एवढी वर्षं घरात बसून खातायत, उद्या ते कूळ लागतील, राजा आला तरी त्यालाच बाहेर काढतील. राणीने आधी मालवणात येऊन मामलेदाराकडे अर्ज द्यायला हवा होता. यावर दीड तास वाद झाला, निम्मी वाडी एका बाजूला, निम्मी दुसऱ्या. रसाळ भाषेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग राजा एका बेटावर एका देवतेपाशी सात वर्षं अडकतो आणि रोज किनाऱ्यावर बसून घरासाठी रडतो, ते आलं. शेवटी देवता सोडते तेव्हा चार दिवसांत तराफा बांधून निघतो. हे मी गहिवरून वाचलं होतं. नर्मदेने जाळ्यातून डोकंही वर केलं नाही. चार दिवसांत बांधला म्हणजे बांधता येत होता, म्हणाली, मग सात वर्षं काय करत होता? सगळ्या बायका माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मीच त्या बेटावर होतो. संध्याकाळी घरी चहासुद्धा थोडा गारच मिळाला.

दाजी रोज यायचे. तिसऱ्या खांबाला पाठ लावून बसायचे, हातात जाळं, मान खाली. त्यांच्या डाव्या भुवईवर एक वण आहे, विचारात पडले की ते त्यावरून अंगठा फिरवतात. तो अंगठा कधी फिरतो याकडे माझा एक डोळा असायचा. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी वाऱ्याची पिशवी आली. राजाला कुणीतरी सगळे वाईट वारे पिशवीत बांधून देतो, राजा नऊ दिवस सुकाणू धरून बसतो, घरच्या किनाऱ्यावरचा धूर दिसायला लागतो आणि तेवढ्यात त्याला झोप लागते. खलाशी पिशवी सोडतात, गलबत परत मागे. दाजींनी खांबाला सांगितलं, "त्या मास्तराक म्हणा, घर दिसल्यावर तांडेल निजणा नाय. ह्या लिवणाऱ्याक दर्यो ठावक नाय."

लिहिणारा तीन हजार वर्षांपूर्वी मेला, पण माझं मात्र तोंड उतरलं. अभिप्रायांच्या वहीत लिहिलं, 'श्री. दाजी तांडेल यांस निद्रेचा प्रसंग पटला नाही.'

सातव्या दिवशी एकडोळ्या राक्षसाचं आलं, खरं तर हे पिशवीच्या आधीचं, पण पुस्तकाची पानं तिथे उलटसुलट शिवलेली होती. राजा त्याला आंधळा करून गलबतात बसतो, सुटतो, आणि मग राहवत नाही म्हणून गलबतातून ओरडून आपलं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं सांगतो. तो राक्षस निघाला दर्याच्या देवाचा मुलगा. तो बापाला नाव सांगतो, आणि तिथून राजाचे हाल सुरू. वाडीतल्या तरण्या पोरांना ते ओरडणं फार आवडलं. दाजींच्या हातातलं जाळं मात्र थांबलं होतं. अंगठा भुवईवर होता.

"सुटल्यावर नाव कित्याक सांगूचा?" ते खांबाला म्हणाले. "दर्याच्या कानार नाव घालूचा नाय. एकदा कळला की तो हाक मारता."

एवढं बोलून उठून गेले. मला वाटलं, आणखी एक चूक काढली. तेही लिहून घेतलं.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली. पानं सातआठच उरली होती आणि राजा अजून घरी पोहोचायचा होता. शंभर मागणेकरी बाकी, राणी बाकी, झील बाकी. मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, राजा चतुर आहे, आता एका झपाट्यात उरकेल. त्या सकाळी नियम मोडून शेवटचं पान उघडलं. परके खलाशी झोपलेल्या राजाला आणून त्याच्याच गावच्या रेतीवर ठेवतात आणि निघून जातात. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, पहिला भाग समाप्त. गळलेल्या पहिल्या पानावर हेच छापलेलं असणार.

मी ते चार वेळा वाचलं. सायकल मारत कट्टा गावच्या तारऑफिसात गेलो, सत्यवानाला तार केली, दुसरा भाग मिळेल तिथून ताबडतोब पाठव. त्याचं उलट तारेने उत्तर आलं की शोधतो, पण पावसात बोट बंद, पार्सल कोल्हापूरवरून एसटीने फिरून येणार, आठ दिवस तरी धर. आठ दिवस! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रापण लागायची. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं मिळून एक मोठं जाळं, किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचं. मोसमाची पहिली मासळी गेली तर वाडी वर्षभर मला तोंड दाखवू देणार नाही. आणि दाजी? ते खांबाला काय सांगतील, ते मला आधीच ऐकू येत होतं.

नर्मदेला सांगितलं. म्हटलं, शेवट मी माझ्या मनाने लिहून टाकतो, कुणाला कळतंय. ती म्हणाली, तुम्हाला शेवट लिहिता येईल, पण ऐकणाऱ्यांना खोटं वाटलं तर पोथी समाप्त झाली नाही असंच होईल, आणि बुडला कुणी तर जन्मभर मनात राहील. खरं ते सांगा आणि बोलणी खा. नर्मदा अशीच आहे. तिचा सल्ला ऐकला की माणूस दोनदा कष्टी होतो, एकदा ऐकताना आणि एकदा तसं वागताना. तरी मी रात्रभर लिहीत बसलो, शंभर जण कसे मारायचे ते. तिसऱ्याच्या पुढे हात जाईना. जन्मात कोंबडी कापली नाही, शंभर माणसं कुठून मारू? सकाळी कागद चुलीत घातले.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मांड फुलून गेला होता. समाप्तीसाठी बायकांनी शिरा केला होता, हार आला होता. मी शेवटची सात पानं वाचली. राजा रेतीवर झोपला, खलाशी गेले. मी वही मिटली. म्हटलं, मंडळी, पुढचं माझ्यापाशी नाही. पुस्तक अर्धं आहे. चूक झाली.

आधी कुणाला कळेना. मग जो गलबला झाला, तो सांगत नाही. बाबली म्हणाला, गाऱ्हाणं घातलंय, पोथी अर्धी ठेवून होडी काढता येणार नाही, त्याला मी तरी काय करू. कुणी म्हणालं, पार्सल येईपर्यंत थांबू, कुणी म्हणालं, तोवर शेजारची वाडी सगळी मासळी नेईल. एका बाजूने माझ्या शिक्षणाचा उद्धार चालला होता. राजा अजून रेतीवर झोपलेलाच होता आणि त्याच्यापायी चाळीस होड्या कोरड्या उभ्या होत्या. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात दाजी खांबापासून उठले. चालत आले आणि माझ्यासमोर, पाटाच्या पलीकडे बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खांबाकडे नाही, कुणा तिसऱ्याकडे नाही, माझ्याकडे.

"वही उघड," म्हणाले. "लिव. तांडेल घराक कसो पोचता, ता माका ठावक आसा."

मी दौत पुढे ओढली.

दाजी सांगायला लागले. राजा उठला, म्हणाले. धुकं होतं, काही दिसत नव्हतं. त्याने रेती मुठीत घेतली. आपल्या गावची रेती तांडेलाच्या हाताला कळते, डोळ्यांनी बघायला लागत नाही. पण तो धावत सुटला नाही. गावात त्याचं तेरावं झालं असणार, हे त्याला ठाऊक होतं. तेरावं झालेल्या माणसाने पुढच्या दाराने घरात शिरायचं नसतं. म्हणून तो मागून, परड्याच्या बाजूने गेला. तिथे व्हाळाच्या पाण्यात एक सहा वर्षांचं पोर करवंटीची होडी सोडत होतं. त्याचंच पोर. पोराने बापाला ओळखलं नाही. दाढी छातीपर्यंत, अंगावर चिंध्या, कसं ओळखणार? राजाने विचारलं, मोठा झालास की काय होशील? पोर म्हणालं, तांडेल.

इथे दाजी थांबले. मथुराकाकीने पदर तोंडाला लावला होता. ती, बाबली, जुनी माणसं, सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. कळत नव्हतं ते फक्त मला, लिहून घेणाऱ्याला.

"डोलकाठी मोडली तेव्हा राजान दर्याक सांगलेल्यान," दाजी म्हणाले, "माका घराक पोचव. माझो झील तुझ्या वाटेक येवचो नाय. तेचा नाव पण तुझ्या कानार पडाचा नाय. दर्यान आपला काम केल्यान. आता राजाक आपला करूचा होता."

म्हणून राजाने काय केलं, तर ती करवंटी पाण्यातून उचलली आणि पायाखाली फोडली. पोराने भोकाड पसरलं, धोंडा उचलला आणि मारला. बरोबर भुवईवर.

दाजींचा अंगठा वणावर गेला. मला लहानपणापासून सांगितलं होतं की तो वण डोलकाठीचा आहे. माझ्या हातातला टाक तसाच राहिला आणि कागदावर शाईचा हा एवढा डाग पडला. तो अजून आहे त्या पानावर.

"लिव," दाजी म्हणाले. "झील मोठो झालो. तेच्या काकान एकदा तेका होडयेत घातल्यान. राजा काकार गरजलो. झिलाक वाटला, आपणार. राजान तेका कधी नावान हाक मारूक नाय. झिलाक वाटला, बापाशीक आपली लाज वाटता. वाटू दी. लाज वाटली तरी माणूस जमनीर ऱ्हवता." मग म्हणाले, "झील शिकलो. मास्तर झालो. आणि दर्याची पोथी लिवल्यान. वायच चुकीची लिवल्यान. पण लिवल्यान. झाला. राजा घराक पोचलो."

मी एक्केचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, शाळेत पोरं माझ्या छडीला भितात. मी सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडलो. लाज वाटली नाही. सत्तावीस वर्षं मी त्या कावळ्यांचा हिशेब चुकीचा मांडला होता.

बाबली अजून घुटमळत होता. ही पोथीची समाप्ती धरायची का, असं त्याला वाटत असावं, आणि ते शंभर मागणेकरी अजून घरात बसलेले, त्यांच्या कुळाचं काय? मथुराकाकीने त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"पोचलो मां घराक?" ती म्हणाली. "मगे आणि काय होया? घाल गाऱ्हाणा."

बाबलीने गाऱ्हाणं घातलं. व्हय म्हाराजा इतक्या मोठ्याने मी आमच्या देवळात कधी ऐकलं नव्हतं. शिरा वाटला, पोथीची आरती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या होड्या झापांखालून बाहेर निघाल्या.

नारळ द्यायला मानाची होडी जाते. दाजी सुकाणूवर होते. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, धोतर वर खोचलं आणि एक पाय होडीत टाकला. म्हटलं, ओकेन तर ओकेन. दाजींनी वल्हं आडवं धरलं.

"मास्तर, पाय काढ," म्हणाले. "तू नवसातलो आसस."

मी पाय काढला. किनाऱ्यावर उभा राहून नारळ पाण्यात पडताना बघितला. दर्या त्या दिवशी शहाण्यासारखा वागला आणि दुसऱ्या दिवशी रापणीला इतके बांगडे लागले की ओढून ओढून माझ्या हाताला फोड आले. मास्तरालाही ओढायला लावलं, सोडलं नाही.

दहाव्या दिवशी सत्यवानाचं पार्सल आलं. दुसरा भाग. आता कशाला हवा होता? पण वाडीला राहवेना, म्हणून रविवारी दुपारी मी तोंडीच मराठी करत सगळी हकीगत सांगितली. राजा भिकाऱ्याच्या वेषात घरी जातो, म्हातारी दाई पायाचा वण बघून ओळखते, आणि शेवटी राजा आणि झील मिळून शंभरच्या शंभर माणसं कापून काढतात. कुणाला आवडलं नाही. बाबली म्हणाला, एवढे खून म्हणजे रत्नागिरीच्या कोर्टात खटला, आणि वकिलांतच घर जाणार, त्यापेक्षा कूळ परवडलं. मथुराकाकीने विचारलं, शंभर तरणे गडी मारल्यावर त्यांच्या गावात रापण ओढायला कोण उरलं? नर्मदा म्हणाली, वणाचं तेवढं खरं वाटतं. एकूण वाडीचं मत पडलं की ग्रीकांचा शेवट चुकला आहे आणि दाजींचा बरोबर आहे. मी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

दाजींनी त्या दिवशी मत दिलं नव्हतं. दोन दिवसांनी मागच्या परड्यात आम्ही दोघं जाळ्याची वरची दोरी बांधत बसलो होतो. म्हणजे ते बांधत होते, मी धरत होतो. मी विचारलं, दाजी, तुमचा काय अभिप्राय? त्यांनी हातातली गाठ आवळली.

"झिलाक कसा कळला," त्यांनी विचारलं, "हो आपलो बापूस म्हणान?"

"बापाशीन सोताच सांगल्यान," मी म्हटलं.

"सांगूक लागला?"

"लागला."

"मगे बरोबर लिवल्यान," दाजी म्हणाले. "ता सांगूचाच लागता."

मग त्यांनी मान वर करून माडांच्या शेंड्यांकडे बघितलं. झावळ्या गावाच्या बाजूला झुकलेल्या होत्या. वारा दर्यावरून येत होता, म्हणजे इथे बोललेलं डोंगराकडे जाणार, पाण्यावर नाही. तरीसुद्धा त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"गुरुदास," म्हणाले, "ती सुतळी दी हंय."

मी सुतळी दिली.